टमी टक : काय निघते, काय राहते

२००४ साली पोटावरच्या चरबीविषयी दोन निबंध काही महिन्यांच्या अंतराने छापून आले. पहिला 'लॅन्सेट'मध्ये. त्यात दोन माणसांचा एक साधा फोटो होता : पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. कागदावर दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी चरबी भारतीय शरीर कशी बाळगते, हे त्या एका फोटोने जगाला दाखवले.

दुसरा निबंध 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अमेरिकेतल्या सेंट लुइस येथील डॉ. सॅम्युएल क्लाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढून टाकली. थोडीथोडकी नाही, सरासरी नऊ ते साडेदहा किलो. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा तपासण्या झाल्या. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद, यांपैकी कशातही म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता.

पोट कमी करून घ्यायचे म्हणून जी व्यक्ती प्लास्टिक सर्जनकडे जायला निघते, तिला या दोन निबंधांचे सार आधी ठाऊक असायला हवे. टमी टक, वैद्यकीय भाषेत ॲब्डॉमिनोप्लास्टी, ही पोटाच्या बाहेरच्या थरांची शस्त्रक्रिया आहे. सैल पडलेली कातडी, तिच्या खालची चरबी आणि ताणून एकमेकांपासून दूर गेलेले स्नायू, एवढेच तिचे कार्यक्षेत्र. आतड्यांभोवती साठलेल्या चरबीपर्यंत सर्जनची सुरी पोहोचत नाही, आणि मधुमेहाचा, हृदयविकाराचा धोका मुख्यतः त्याच चरबीतून येतो. ही शस्त्रक्रिया वजन घटवण्यासाठी नाही आणि साखर आटोक्यात आणण्यासाठीही नाही. एखाद्या क्लिनिकच्या जाहिरातीत तसे सुचवले असेल, तर ती जाहिरात तिथेच बाजूला ठेवावी.

आपले पोट कोणत्या प्रकारचे आहे याचा ढोबळ अंदाज घरीही येतो. पाठीवर सरळ झोपावे. पोट सपाट होऊन कातडी दोन्ही कुशींकडे ओघळत असेल आणि चिमटीत जाड वळी येत असेल, तर दोष बाहेरच्या थरांत आहे. झोपल्यावरही पोट घुमटासारखे वर राहत असेल, हाताला घट्ट लागत असेल आणि चिमटीत फारसे काही येत नसेल, तर फुगवटा आतून आहे. अशा पोटावर टमी टक केली तर निराशाच पदरी पडण्याची शक्यता मोठी. मध्यमवयीन पुरुषांची दोंदे बहुधा या दुसऱ्या जातीची असतात. त्यांच्यासाठी आहार, व्यायाम, गरज पडल्यास औषधे किंवा वजन घटवणारी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया हा मार्ग आहे.

बाळंतपणानंतर सुटलेल्या पोटाची गोष्ट वेगळी. पोटाच्या मधोमध बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि त्यांना जोडणारी एक चिवट पट्टी असते. गरोदरपणात गर्भाशय वाढते तशी ही पट्टी रुंदावते, स्नायू दोन बाजूंना सरकतात. याला डायस्टॅसिस म्हणतात. ही काही दुर्मीळ विकृती नाही. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींची पाहणी झाली, ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के स्त्रियांमध्ये हे अंतर आढळले, सहा महिन्यांनी सुमारे ४५ टक्क्यांमध्ये आणि वर्षाने सुमारे ३३ टक्क्यांमध्ये. म्हणजे पहिल्या वर्षात शरीर आपले आपण बरीच दुरुस्ती करते. बाळ सहा महिन्यांचे असताना आरशासमोर उभी राहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणाऱ्या स्त्रीला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा.

बाळंतिणीचे पोट बांधण्याची आपल्याकडची रीत जुनी आहे. पट्ट्याने आधार वाटतो, उठताना-बसताना बरे पडते. पण एकदा रुंदावलेली पट्टी नुसत्या बांधण्याने आकसत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले पोटाच्या आतल्या स्नायूंचे आणि श्वासाचे व्यायाम काही महिने नेटाने केले तर बळ परत येते, कंबरदुखी कमी होते, अनेकींचे काम तेवढ्यावर भागते. उरते ती कातडी. ताणाच्या पांढुरक्या रेषा उमटलेली, लवचीकपणा गेलेली कातडी कोणत्याही व्यायामाने किंवा मलमाने आखडत नाही. जुळ्यांच्या बाळंतपणानंतर किंवा तीन-चार बाळंतपणांनंतर दोन स्नायूंमध्ये चार-चार बोटे अंतर राहिले असेल, कमरेवर जराशा भाराने कळ येत असेल, बेंबीचा हर्निया झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार निव्वळ दिसण्यापुरता उरत नाही. अशा स्त्रीला 'या वयात कशाला नखरे' असे ऐकवणाऱ्या घरच्यांनी तिची सोनोग्राफी एकदा डॉक्टरांकडून समजून घ्यावी.

सिझेरियनच्या टाक्यांवर लोंबणारी वळी हाही नेहमीचा प्रश्न. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात दर चारांतले एक बाळंतपण सिझेरियनने होते, गोव्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात आहे. त्यामुळे 'सिझेरियन करतानाच पोटही नीट करून टाका' अशी विनंती होते. ती मान्य करू नये असेच बहुतेक सर्जनांचे मत आहे. त्या वेळी गर्भाशय मोठे असते, कातडीला सूज असते, रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि अंगावर पिणारे बाळ असते. किती कातडी काढायची याचा अंदाजही त्या सुजेत येत नाही. बाळंतपणानंतर किमान सहा महिने, शक्यतो वर्षभर थांबावे, स्तनपान संपवून काही महिने जाऊ द्यावेत. पुढे आणखी मूल हवे असेल तर ते झाल्यावरच हा विषय काढावा. टमी टकनंतरही गर्भारपण निभावते, पण शिवून जवळ आणलेले स्नायू पुन्हा ताणले जातात आणि केलेला खर्च, सोसलेले दुखणे बऱ्याच अंशी वाया जाते.

दुसरा मोठा गट भरपूर वजन उतरवलेल्यांचा. बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेनंतर चाळीस-पन्नास किलो उतरलेल्या माणसाच्या पोटावर कातडीचा अक्षरशः पडदा लोंबतो. त्याच्या घडीत घाम साचतो, कोकणातल्या दमट हवेत तिथे गजकर्ण हटता हटत नाही. २०२५ मध्ये वजन उतरवणारी साप्ताहिक इंजेक्शने भारतातही विक्रीला आली आणि या गटात नवी भर पडू लागली. इथे नियम सोपा आहे : वजन किमान सहा महिने एका जागी स्थिर राहिले पाहिजे, आणि बॅरिॲट्रिकनंतर साधारण दीड वर्ष जायला हवे. घाईने कातडी काढली आणि मग आणखी पंधरा किलो उतरले, तर नवी वळी तयार. या रुग्णांत प्रथिने, लोह आणि ब-१२ जीवनसत्त्व यांची कमतरता सर्रास असते. ती भरून काढल्याशिवाय जखम भरत नाही.

या शस्त्रक्रियेला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १८९९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ हॉवर्ड केली यांनी एका अतिस्थूल स्त्रीच्या पोटावरून सुमारे साडेसात किलोचा कातडी-चरबीचा थर काढला. त्या काळात बेंबीही त्याच्याबरोबर जात असे. बेंबी जागेवर राखून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली आणि १९६० च्या दशकात ब्राझीलच्या इव्हो पितांगी यांनी छेद खाली, अंतर्वस्त्रात झाकला जाईल असा नेऊन तिला आजचे रूप दिले. प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अलीकडच्या अहवालांनुसार आता जगभरात वर्षाला दहा लाखांहून अधिक टमी टक होतात.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेमके काय होते, हे रुग्णाने एकदा तरी नीट ऐकावे. पूर्ण भूल दिली जाते. ओटीपोटावर, सिझेरियनच्या रेषेच्या आसपास, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत आडवा छेद घेतात. सिझेरियनचा व्रण वीतभर असतो, हा त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब. मग कातडी आणि चरबी स्नायूंवरून सुटी करत बरगड्यांपर्यंत उचलली जाते. बेंबीभोवती गोल छेद घेऊन तिला तिच्या देठासह जागेवरच ठेवतात. दूर गेलेले स्नायू मधोमध पक्क्या धाग्याने शिवून जवळ आणतात. त्यानंतर वरची कातडी खाली ओढून जास्तीचा भाग कापून टाकतात, बेंबीसाठी नवे भोक पाडतात आणि टाके घालतात. साचणारे पाणी बाहेर यावे म्हणून बहुतेक वेळा एक-दोन नळ्या ठेवल्या जातात. एकूण दोन ते चार तास. फक्त बेंबीच्या खालीच सैलपणा असेल तर छोट्या छेदाची 'मिनी' शस्त्रक्रिया पुरते, पण त्यात वरच्या भागाला फायदा होत नाही. खूप वजन उतरलेल्यांना कधी कधी आडव्याबरोबर उभा छेदही घ्यावा लागतो.

हे वाचून कळते की ब्यूटी पार्लरच्या फलकाशेजारी 'टमी टक' लिहिलेले दिसले, तरी ही त्या जातीची गोष्ट नव्हे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांमध्येही ती अधिक जोखमीची गणली जाते. अमेरिकेत अशा शस्त्रक्रियांनंतरच्या गुंतागुंतीचा खर्च उचलणारी एक विमा योजना आहे. तिच्या नोंदींतल्या २५,४७८ टमी टकचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. महिनाभरात पुन्हा रुग्णालयात जावे लागेल अशी गंभीर गुंतागुंत ४ टक्के रुग्णांत झाली. इतर सौंदर्य शस्त्रक्रियांत हे प्रमाण १.४ टक्के होते. याच अभ्यासातला दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. नुसती टमी टक केली तेव्हा प्रमाण ३.१ टक्के होते, पण तिच्याबरोबर लायपोसक्शन आणि शरीराच्या दुसऱ्या भागावरची शस्त्रक्रिया असे सगळे एकाच भुलीत उरकले तेव्हा ते १०.४ टक्क्यांवर गेले. 'एकदाच भूल, एकदाच सुट्टी, एकदाच खर्च' म्हणून 'मम्मी मेकओव्हर'चे पॅकेज विकले जाते तेव्हा हा आकडा कुणी सांगत नाही. पुरुष असणे, पंचावन्नच्या पुढचे वय आणि ३० च्या वरचा बॉडी मास इंडेक्स यांनीही धोका वाढलेला दिसला.

सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे कातडीखाली पाणी साचणे, सेरोमा. सर्जन ते सुईने ओपीडीतच काढतात, कधी दोन-तीन वेळा काढावे लागते. कंटाळवाणे असले तरी घाबरण्यासारखे नसते. रक्त साचले तर मात्र पहिल्या एक-दोन दिवसांत पुन्हा टेबलावर जावे लागू शकते. जंतुसंसर्ग होऊ शकतो, टाके काही ठिकाणी उसवू शकतात.

कातडीचा काही भाग मरणे, काळा पडून गळणे, हा यापेक्षा वाईट प्रकार. उचललेल्या कातडीला रक्त पुरवणाऱ्या बऱ्याच वाहिन्या शस्त्रक्रियेत तोडाव्याच लागतात, आणि सर्वाधिक ताण असतो तो नेमक्या खालच्या मधल्या भागावर. अशा वेळी तंबाखूतल्या निकोटिनने उरलेल्या वाहिन्या आकसल्या तर तो भाग उपाशी मरतो. जर्मनीतल्या सर्जनांनी १३२ रुग्णांची पाहणी २००३ मध्ये मांडली : जखम भरण्यातल्या अडचणी धूम्रपान न करणाऱ्यांत १४.८ टक्के, करणाऱ्यांत ४७.९ टक्के. डॉक्टर 'सिगारेट ओढता का' असे विचारतात आणि आपल्याकडची स्त्री खरेपणाने 'नाही' म्हणते. मशेरी लावता का, हे कुणी विचारतच नाही. मशेरी, गुटखा, तंबाखूची चिमूट, निकोटिनचे च्युइंगगम, सगळ्यांत निकोटिन तेच. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर हे पूर्ण बंद हवे, आणि लाज न बाळगता ते डॉक्टरांना सांगायला हवे. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर डॉक्टरांशी एकटीने बोलण्याची वेळ मागून घ्यावी.

खरी भीती आहे ती पायातल्या रक्ताच्या गुठळीची. घट्ट शिवलेल्या पोटाने आतला दाब वाढतो, पायांकडून येणारे रक्त मंदावते, रुग्ण दुखण्यामुळे हालचाल टाळतो. पोटरीत झालेली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. म्हणून चांगल्या रुग्णालयात आधी प्रत्येक रुग्णाचा धोका गुणतक्त्यावर मोजतात : वय, वजन, घरात कुणाला गुठळीचा इतिहास, गर्भनिरोधक गोळ्या किंवा हार्मोन चालू आहेत का. मग गरजेनुसार पायमोजे, पोटऱ्या दाबणारे यंत्र आणि रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने ठरतात. पण यांतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टाळला जाणारा उपाय म्हणजे त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, कुणाचा तरी हात धरून, वाकून का होईना, चालणे. 'तिला झोपू दे, उठवू नका' ही माया इथे घातक ठरते.

मृत्यू क्वचित होतात, पण होतात. नायजेरियाच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी स्टेला ओबासांजो २००५ मध्ये स्पेनमधल्या खासगी क्लिनिकात पोटाच्या अशाच सौंदर्य शस्त्रक्रियेनंतर दगावल्या. लायपोसक्शनची नळी पोटाच्या पोकळीत शिरली होती. त्यांच्या सर्जनला पुढे स्पॅनिश न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवले. २००७ मध्ये अमेरिकन गायक कान्ये वेस्ट यांच्या आई, प्राध्यापिका डोंडा वेस्ट, छाती आणि पोटावरच्या शस्त्रक्रियांनंतर दुसऱ्याच दिवशी वारल्या. त्यांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता, हे शवचिकित्सेत नोंदले गेले. त्यानंतर कॅलिफोर्नियाने २००९ मध्ये कायदा केला : सौंदर्य शस्त्रक्रियेआधी तीस दिवसांच्या आत शारीरिक तपासणी आणि डॉक्टरांची लेखी परवानगी सक्तीची. स्वस्त शस्त्रक्रियेसाठी डॉमिनिकन रिपब्लिकला गेलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी २००९ ते २०२२ या काळात ९३ जण मरण पावल्याचे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने नोंदवले. त्यांतल्या तपशिलात तपासलेल्या मृत्यूंमध्ये बहुतेकांना फुप्फुसात गुठळी किंवा चरबी अडकली होती आणि बहुतेकांवर एकाच बैठकीत अनेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. बंगळुरूतही मे २०२२ मध्ये कन्नड मालिकांतली २१ वर्षांची अभिनेत्री पोटाची चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर दगावली. घरच्यांना न सांगता ती गेली होती. शस्त्रक्रिया लपवून करणे किती महाग पडू शकते, हे यावरून दिसते. पहिले दोन दिवस सोबत राहील आणि धोक्याची चिन्हे ओळखील असे एक माणूस तरी विश्वासात घेतलेच पाहिजे.

सर्जन निवडताना पदवी पाहावी. भारतात प्लास्टिक सर्जन म्हणजे जनरल सर्जरीनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीएनबी केलेला डॉक्टर. 'कॉस्मेटिक सर्जन' अशी पाटी कुणीही लावू शकतो. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी तपासता येते, तसेच १९५७ पासून काम करणाऱ्या असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेचे सदस्यत्वही विचारता येते. तितकाच महत्त्वाचा भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रिया जिथे होणार तिथे अतिदक्षता विभाग आहे का, रात्री डॉक्टर हजर असतो का, रक्तपेढी किती दूर आहे, हे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनुसार रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणे बंधनकारक आहे. ते भिंतीवर दिसते का, यावरूनही बरेच कळते.

संमतिपत्र घरी आणून वाचावे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केले की रुग्ण सज्ञान आणि सक्षम असेल तर संमती त्याचीच हवी, आईची किंवा नातेवाईकांची चालत नाही, आणि एका प्रक्रियेची संमती दुसरीला लागू होत नाही. 'कंबरेचे लायपोसक्शनही करू या का' असा विचार सर्जनच्या मनात असेल, तर तो आधीच कागदावर उतरला पाहिजे. भूल चढल्यावर बाहेर बसलेल्या नवऱ्याला विचारून तो ठरवता येत नाही.

तपासण्यांत हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष द्यावे. पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या, आणि फिकट रक्तावर एवढी मोठी जखम भरून येत नाही. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर आटोक्यात असल्याशिवाय तारीख घेऊ नये. ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे, लसणाच्या कॅप्सूल, ओळखीच्या वैद्याने दिलेले काढे, सगळे डॉक्टरांना दाखवावे. वजन उतरवणारी इंजेक्शने चालू असतील तर भूलतज्ज्ञाला नक्की सांगावे, कारण त्यांनी पोट रिकामे व्हायला उशीर होतो आणि भुलीत उलटी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. स्तनाच्या कर्करोगात स्तन काढावा लागला तर नवा स्तन घडवण्यासाठी ओटीपोटावरचीच कातडी आणि चरबी वापरतात. टमी टकमध्ये ती टाकून दिली जाते, पुढे तो मार्ग उरत नाही. घरात आई, मावशी, बहिणीला हा आजार झालेला असेल तर सर्जनशी याविषयी बोलावे.

शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांची आखणी घराकडे पाहून करावी लागते. पहिला आठवडाभर सरळ उभे राहता येत नाही, कमरेत वाकूनच चालावे लागते. झोपताना पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा लागतात. भारतीय शौचालयात उकिडवे बसणे काही आठवडे जमत नाही, कमोड नसेल तर खुर्ची-कमोडची सोय आधी करावी. वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो आणि कुंथण्याचा जोर थेट शिवलेल्या स्नायूंवर येतो, म्हणून पाणी, फळे, गरज लागल्यास इसबगोल पहिल्या दिवसापासून. नळ्यांमध्ये किती पाणी आले हे रोज वहीत लिहायचे. पोटाचा घट्ट पट्टा साधारण सहा आठवडे, उन्हाळ्यात तो असह्य होतो. सवड मिळत असेल तर ऑक्टोबरचा उष्मा सरल्यावरची तारीख बरी.

सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचे नाही. ऐकायला हे सोपे वाटते. दोन वर्षांचे मूल बारा किलोचे असते, भरलेली बादली पंधराची आणि पाण्याने भरलेला मोठा कुकरही सहज पाच किलोच्या वर जातो. बैठे काम दोन-तीन आठवड्यांनी सुरू करता येते, दुचाकी त्यानंतरच. मुलाला कडेवर घेणारे, पोळ्या लाटणारे, धुणे वाळत घालणारे दुसरे हात महिना-दीड महिना ठरलेले नसतील, तर ज्या वर्षी ते असतील त्या वर्षापर्यंत थांबावे. 'जमेल तसे करीन' म्हणणाऱ्या बायका आठव्या दिवशी ओट्याशी उभ्या असतात.

बेंबीखालचा भाग कित्येक महिने बधिर राहतो, काहींचा कायमचा. तिथे गरम पाण्याची पिशवी किंवा शेक कधीही ठेवू नये. चटका बसलेला कळत नाही, फोड आल्यावर कळते. मांडीच्या बाहेरच्या बाजूलाही मुंग्या किंवा बधिरपणा जाणवू शकतो, कमरेच्या हाडाजवळून जाणारी एक नस दुखावल्याचे ते लक्षण असते. डॉक्टरांना सांगावे.

एका पोटरीला सूज आणि दुखरेपणा, एकाएकी लागलेली धाप, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, यांपैकी काहीही झाले तर दुसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. पोट एका बाजूने झपाट्याने फुगणे, कातडी काळी-निळी पडणे, थंडी वाजून ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोट कडक होऊन उलट्या, हेही त्याच दिवशी दाखवायचे. अमेरिका-आखातातून सुट्टीवर येऊन पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया उरकणाऱ्या मराठी मंडळींनी परतीचे तिकीट विचाराने काढावे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस विमानप्रवास टाळावा असे अमेरिकेचे रोगनियंत्रण केंद्र सांगते, आणि सोळा तासांच्या बैठकीसाठी तेवढे दिवस फारच थोडे आहेत. सहा आठवड्यांची सवड काढता येत नसेल तर राहत्या देशातच विचारणा करावी.

खर्चाचे म्हणाल, तर तो बहुधा पूर्ण स्वतःच्या खिशातून. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार सोडले तर सौंदर्य शस्त्रक्रिया विमा पॉलिसीत वगळलेली असते, आणि इतर उपचारांना मिळणारी जीएसटीची सूटही तिला नाही. सोबत हर्निया दुरुस्त होणार असेल तर तेवढ्या भागासाठी विमा कंपनीकडे आधी लेखी विचारणा करावी. हर्नियाच्या नावाखाली सगळेच दाखवण्याचा सल्ला मात्र कुणीही दिला तरी मानू नये. खोटा दावा उघड झाला तर पॉलिसीच रद्द होते.

व्रण पहिले तीन-चार महिने लाल, उंच आणि खाजरा दिसतो. मग हळूहळू फिकट होतो, पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते. सावळ्या कातडीत व्रण जाड होण्याची, केलॉइड होण्याची प्रवृत्ती अधिक असते. कान टोचल्यावर गाठ आली होती का, जुन्या सिझेरियनचा व्रण कसा आहे, हे सर्जनला दाखवावे. सिलिकॉनच्या पट्ट्या, मालिश, उन्हापासून जपणूक यांनी फरक पडतो. काहींच्या व्रणाच्या दोन्ही टोकांना कातडीचा छोटा उंचवटा उरतो, बेंबी किंचित बाजूला गेलेली वाटते. यांची दुरुस्ती स्थानिक भुलीत होऊ शकते, पण सूज पूर्ण उतरेपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, सर्जन थांबायला सांगतात. त्या दुरुस्तीचा खर्च मूळ अंदाजपत्रकात धरला आहे की वेगळा द्यावा लागेल, हे पहिल्याच भेटीत लेखी घ्यावे.